मुलांचा दिवस आधी

मेक्सिको आमच्या घरात आला तो माझ्या भूगोलाच्या वहीवरून. पुस्तकातल्या धड्यातून नव्हे, वहीच्या कव्हरावरून. शाळा सुरू झाली की बाबा कचेरीतून जुन्या विलायती मासिकांची रद्दी आणायचे आणि त्या गुळगुळीत पानांची कव्हरं आई माझ्या वह्यांना घालून द्यायची. त्या वर्षी मी बारा वर्षांची होते, आणि आई कशालाच हात लावत नव्हती, म्हणून मीच बसून सगळी कव्हरं घातली. ती वाकडीतिकडी झाली. भूगोलाच्या वाट्याला आलेल्या पानावर एक रंगीत फोटो होता. एक बाई मातीच्या लहानशा उंचवट्याजवळ बसली होती. उंचवट्यावर गेंद्याची फुलंच फुलं. झेंडूला आमच्या इंदुरात गेंदा म्हणतात. फुलांत मेणबत्त्या, एक गोल पाव, आणि चाकांचा एक लाकडी बैल.

आईने हात का गुंडाळून ठेवले होते ते आधी सांगते. माघ महिन्यात माझा भाऊ गेला. अडीच वर्षांचा होता. घटसर्प झाला, दोन दिवसांत आटोपला. बाबा तेव्हा ग्वाल्हेरला होते. मध्यभारताच्या सरकारची तऱ्हाच अशी होती की उन्हाळा-पावसाळा इंदुरात आणि थंडी ग्वाल्हेरला. फायली पेट्यांत भरून कारकुनांसकट इकडून तिकडे न्यायच्या. बाबा सचिवालयात कारकून होते. पेट्या गेल्या की ते जायचे आणि आम्ही मागे राहायचो. तार मिळून ते पोचले तोवर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली होती आणि सगळं उरकलं होतं.

उरकलं होतं म्हणजे काय, तर समोरच्या काकांनी त्याला शालीत गुंडाळून नेलं आणि नदीकाठी पुरून आले. जावळ काढायचं राहिलं होतं. जावळ न काढलेल्या पोराला आमच्याकडे जाळत नाहीत. बायका तिकडे जात नाहीत. जागेवर दगड ठेवतात, पण खूण ठेवत नाहीत, आणि पुरून आलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मोठं माणूस गेलं तर तेरा दिवस घरात माणसं असतात, रडायला सोबत असते, तेराव्याला गोड करून दुःखाला दारापर्यंत पोचवलं जातं. भावाचं यातलं काही नव्हतं. चौथ्या दिवशी गल्लीतल्या बायका पापड लाटायला बसल्या. आईसाठी एकटी समोरची काकू आठ दिवस आमच्याकडे राहिली, तिला न्हाऊ घालत होती, तोंडात घास देत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणी तिला वाईट म्हणू नये.

तर त्या फोटोपाशी आई थांबली. मी ओट्याजवळ बसून अभ्यास करत होते. तिने माझ्या हातातून वही ओढून घेतली आणि उभ्या उभ्या बघत राहिली. माघापासून तिने कुठल्याच वस्तूकडे असं बघितलं नव्हतं. मी खुश झाले. म्हटलं, चला, कशात तरी जीव गेला. आता वाटतं की ती वही तेव्हाच चुलीत घालायला हवी होती.

बाबा घरी आले तशी तिने वही त्यांच्यापुढे धरली.

"काय लिहिलंय हो खाली?"

बाबांनी चष्मा पुसून हळूहळू वाचलं. "हा मेक्सिको देश आहे. अमेरिकेच्या खाली. तिथे वर्षातून एकदा गेलेली माणसं घरी येतात असं मानतात. म्हणून जेवण मांडतात, पाणी ठेवतात, मीठ ठेवतात. गेंद्याच्या पाकळ्यांची वाट करतात, दारापासून घरात. म्हणजे त्यांना घर सापडावं."

"आणि हा बैल?"

"मुलाची कबर असेल. त्यांच्यात मुलांचा दिवस वेगळा असतो. पहिली नोव्हेंबर मुलांची, दुसरी मोठ्यांची."

"मुलांचा दिवस आधी?"

"हो. असं लिहिलंय."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "लहान असतात, पळत येत असतील."

मजकूर मध्येच तुटला होता, पुढचं पान रद्दीत नव्हतं. बाबांनी वही मिटून मला दिली आणि "जेवायला वाढ" म्हणाले. आई मात्र त्यांच्या मागे मागे न्हाणीपर्यंत गेली आणि दोनदा विचारून आली, की तुम्ही नीट वाचलं ना, पहिलीच ना.

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. पण बुडत्या माणसाला सूत आणि दोर यातला फरक कळत नसतो, आणि काठावर उभं राहून त्याला तो समजावून सांगण्यात अर्थही नसतो. बाबा समजावून सांगत राहिले.

भाद्रपदात पितृपक्ष आला. आजोबांची तिथी होती. गुरुजी आले, बाबांनी दर्भाची अंगठी घातली, खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर. स्वयंपाक मीच केला म्हटलं तरी चालेल. वडे बिघडले. पानं वाढायच्या वेळी आईने एक छोटं पान कोपऱ्यात मांडलं, त्याच्यावर मऊ भात कालवून ठेवला. गुरुजींच्या लक्षात आलं.

"हे कुणाचं पान, बाई?"

आईने नाव घेतलं नाही. तिने हाताने उंची दाखवली, जमिनीपासून एवढी.

गुरुजी भले होते. इंदुरातच जन्मलेले, आमच्यासारखेच अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. म्हणाले, "बाई, तीन वर्षांच्या आतलं लेकरू होतं ते. त्याला पिंड नाही, तर्पण नाही. असं लेकरू शुद्धच असतं, सीधं वर जातं. त्याला काही लागत नाही."

"भूक लागत नाही?"

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली.

"दर दोन घंट्यांनी मागायचा हो," आई म्हणाली. "रात्री उठून भात मागायचा. आणि शेवटचे दोन दिवस गळ्याखाली थेंब उतरला नाही त्याच्या. उपाशी गेलाय तो. त्याला काही लागत नाही असं कसं म्हणता तुम्ही?"

बाबा दर्भाची अंगठी घातलेल्या हाताने "अगं, बस कर" असं खुणावत होते. गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले. मग ते म्हणाले, "असं करा. त्याच वयाचा मुलगा घरी बोलवा. पाटावर बसवा, पोटभर जेवू घाला. त्या मुलाच्या पोटात गेलं की तुमच्याला पोचलं. शास्त्रात असो की नसो, माझी आई सांगायची."

त्या क्षणी तिला काय वाटलं असेल ते मला आज कळतं. सात-आठ महिने भिंतीला डोकं लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी दार आहे म्हणून सांगितलं होतं. गुरुजींचा हेतू चांगलाच होता. पण गल्लीतल्या आयांना विचारून सांगायला हवं होतं त्यांनी.

त्या वयाचा मुलगा आमच्या माहितीत एकच होता, समोरच्या काकूचा. माझ्या भावापेक्षा दीड महिन्याने लहान. दोघं दारापुढच्या एकाच ओटल्यावर खेळायचे, एकमेकांची पेज खायचे. आई दुसऱ्याच दिवशी काकूकडे गेली. काकू म्हणाली, "वहिनी, आज त्याची तबियत थोडी ढीली आहे. फिर कधी पाठवते, पक्का." आठ दिवसांनी पुन्हा गेली. तेव्हा त्याचं पोट खराब होतं. नवरात्रात तो मामाकडे जाणार होता, आणि दसऱ्याला तर तो आमच्या समोरच ओटल्यावर बसून सोनं घेऊन खेळत होता. आईने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावली. दुसऱ्या गल्लीतल्या दोघीतिघींनाही तिने विचारलं. ज्या बाईचं पोर जमिनीखाली आहे तिच्या हातचं, त्याच पोराच्या नावाने काढलेलं ताट आपल्या पोरापुढे कोण येऊ देईल? कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही. इंदूरची माणसं गोड बोलतात, हा काही नेहमीच फायदा नसतो.

दिवाळीच्या आधी बाबांनी सांगितलं की यंदा पेट्या ग्वाल्हेरला गेल्या की आम्हा दोघींनाही तिकडे न्यायचं. तिथे खोली मिळाली होती.

"मी नाही येत," आई म्हणाली.

"का?"

"त्याला ग्वाल्हेर कुठे ठाऊक आहे?"

बाबा ताटावरून उठले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. "तो नाहीये आता! कुणी येणार नाहीये! पोरीकडे बघ एकदा, केसांच्या जटा झाल्यात तिच्या!" मग बाहेर जाऊन ते काकांशी बोलत बसले. दाराआडून मी ऐकलं. असंच चाललं तर डॉक्टरांना दाखवून हिला तिकडे ठेवावं लागेल, असं ते म्हणत होते. 'तिकडे' म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आम्हा पोरींनाही ठाऊक होतं. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईला तिकडे ठेवलं होतं. त्या मुलीला विचारलं तर ती सांगायची की आई गावाला गेली आहे, आणि हे ती दोन वर्षं सांगत होती.

मला धडकी भरली. भाऊ गेला होता, आता आईही जाणार. शेवटी ठरलं ते असं: आई म्हणाली, पहिली नोव्हेंबर इथे होऊ द्या, त्याला एकदा जेवू घालते, मग तुम्ही म्हणाल तिथे येते. बाबांनी कबूल केलं. तारीख मेक्सिकोची आणि रीत गुरुजींच्या आईची, असं ते आमचं नवंच श्राद्ध. जगाच्या पाठीवर कुठे झालं नसेल. हसू येण्यासारखं आहे, मला येत नाही. त्या दिवशी पाटावर एक मूल बसून जेवलं की आई माझी, नाही तर ती तिकडची, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

पहिलीला मला दिवाळीची सुट्टी होती, बाबा कचेरीत पेट्या भरायला गेले होते. सकाळीच मी राजवाड्याजवळून दोन पिशव्या भरून गेंदा आणला. आई न्हाली, धुवट लुगडं नेसली. मी पाकळ्या तोडून रस्त्यापासून ओटला, ओटल्यावरून बैठक, बैठकीतून स्वयंपाकघर अशी वाट घातली. आईने वरणभात, शिरा, साजूक तूप असं ताट केलं. भावाचा छोटा पाट पुसून मांडला. निरांजन, पाण्याचा पेला, मीठ, सगळं वहीवरच्या त्या पानासारखं. लाकडी बैल नव्हता, म्हणून भावाची बिनचाकाची गाडी ठेवली. येणारे-जाणारे विचारत होते, "काय बाई, आज कोणता सण?" मी सांगत होते, "पूजा आहे." लाज वाटत होती आणि घाईही होत होती.

दहा वाजता आई समोर गेली. मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते.

"वहिनी, पाया पडते तुमच्या," काकू म्हणाली. "काही भी मागा. पण हे नका मागू. माझा एकच आहे हो."

आई परत आली आणि पाटासमोर बसली. भात निवला, तिने गरम केला. पुन्हा निवला, पुन्हा गरम केला. तिसऱ्यांदा तिने पातेलं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मग ती रिकाम्या पाटाकडे बघत नुसती बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बारा वाजता काकू नळावर गेली. मुलगा ओटल्यावर एकटा होता. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. सरळ गेले, "लाडू खायचा?" म्हटलं आणि हात पुढे केला. तो आला. पाकळ्या बघून त्याला कोण आनंद झाला! एकेका पाकळीवर पाय देत, मोठ्याने हसत, तो त्या वाटेने चालत थेट पाटावर जाऊन बसला. आमच्या घराची त्याला सवयच होती.

आईने वर पाहिलं. ते तोंड मी कसं सांगू? नऊ महिन्यांनी माझी आई मला दिसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तूपभाताचा एवढासा घास करून त्याच्या तोंडात घातला. त्याने खाल्ला. दुसरा घातला. तो एका हाताने गाडी ओढत होता आणि आ करत होता. मी देवाला म्हटलं, एवढं ताट संपू दे.

तिसरा घास त्याच्या तोंडात होता तेव्हा काकू आली. नळावरून तशीच धावत, ओल्या पदराने. तिने एका हाताने त्याला उचललं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या तोंडात घातलं आणि तो घास बाहेर काढला. गालातून, जिभेखालून, सगळा भात कोरून काढला आणि जमिनीवर टाकला. पोर घाबरून रडायला लागलं. काकूही रडत होती. "बाई, असं नको हो करू, असं नको करू," एवढंच म्हणत ती त्याला छातीशी घट्ट धरून पाकळ्या तुडवत पळाली.

तो मुलगा आज सत्तरीच्या पुढे आहे, ठणठणीत आहे, नातवंडं खेळवतो आणि मला भेटला की 'ताई' म्हणून वाकतो. त्याला काही झालं नाही. काहीच होणार नव्हतं. पण काकूला ते कुठे ठाऊक होतं? तिच्या जागी मी असते तर मीही बोट घातलं असतं. एवढं कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली. त्या दुपारी मला ती राक्षसीण वाटली होती.

मी चोरून पोर आणलं म्हणून आई रागावली नाही. तिने जमिनीवरचा भात एकेक शीत करून उचलला, हातात धरला, आणि स्वतःशीच म्हणाली, "मीच त्याला बोलावलं. एवढ्या लांब बोलावलं, आणि पुन्हा उपाशी पाठवला."

हे ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, मग म्हणतच राहिली. आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता. संध्याकाळी बाबा येतील, तिला असं बघतील, आणि मग सगळं ठरेल, हे मला दिसत होतं. मी तिला हलवलं. पाणी पाजायला गेले तर पाणी ओठांवरून खाली आलं. "आई, मी आहे ना," असं मी किती वेळा म्हटलं असेल. तिला ऐकूच येत नव्हतं.

मग मी त्या पाटावर बसले.

पाट एवढासा, माझे गुडघे दोन्हीकडे बाहेर आले. मी मुलगी, बारा वर्षांची, आणि गुरुजींनी सांगितलं होतं त्याच वयाचा मुलगा. पण दुसरं कोण होतं? मी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले. गार भात, थिजलेलं तूप. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं, त्याचीही त्या क्षणी आठवण झाली, आणि मी वखवखल्यासारखं खाल्लं. खात होते आणि रडत होते, आणि खाली मान घालून होते.

आईचं म्हणणं थांबलं. मग तिच्या बांगड्या वाजल्या, आणि माझ्या ताटात शिऱ्याचा एक चमचा पडला. ती माझ्याजवळ सरकली. माझ्या जटा झालेल्या केसांवरून तिने हात फिरवला.

"अजून भात देऊ, बाळा?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला नव्हता, हे मला समजलं. ज्याला होता त्याच्या जागी मी बसले होते. बोलले असते तर आवाज माझा निघाला असता, म्हणून मी नुसती मान हलवली. तिने भात वाढला, मी तो संपवला. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान हलवली.